चाळीस डब्या आणि एक नमुना

"चाळीस नमुने? मॅडम, परवा दुपारच्या आत तुमच्या हातात देतो!"

कल्याणनं फोनवर असं छातीठोक सांगितलं, तेव्हा त्याचा आवाज एखाद्या जिल्हाधिकाऱ्यासारखा लागला होता. नवीन जालन्यातल्या कॉलेजात तो समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाला होता. त्याचं कॉलेज, एक परदेशी विद्यापीठ आणि प्रिया मॅडमची संस्था मिळून अंबड तालुक्यातल्या शाळकरी पोरांच्या पोटातले जंत शोधत होते. कल्याणच्या वाट्याला आलेल्या गावातली पोरं प्रार्थनेला उभी राहिली की चक्कर येऊन पडायची. नमुने वेळेत गेले, तरच औषध लवकर येणार होतं.

प्रशिक्षणात कल्याण 'स्टूल सॅम्पल' हा शब्द दिवसभर बिनधास्त उच्चारत होता. शाळेच्या ओट्यावर चाळीस आया समोर बसल्या आणि त्याला मराठी शब्द आठवला. आठवला, पण घशातून बाहेर येईना! त्यात त्याच्याच कॉलेजच्या वर्गातली आकांक्षा समोर उभी राहून व्हिडिओ घेत होती.

"तर... या डब्यांवर पोरांची नावं लिहिलीत," कल्याण म्हणाला. "उद्या सकाळी ताजा नमुना आणायचा. चमचाभर पुरे. कशाचा, ते... तुम्हाला कळलंच असेल!"

"कळलं, कळलं!" चाळीसही जणी म्हणाल्या.

काय कळलं, ते विचारायची हिंमत कल्याणला झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्यात आधी चांगुणाबाई आल्या. त्यांनी आपला नातू प्रेम याच्या नावाची डबी टेबलावर ठेवली. आत काळीभोर माती!

"खालच्या वावरातली हाय," त्या म्हणाल्या. "चांगलं वीतभर खोल खांदून काढली."

"आजी, डबीवर प्रेमचं नाव आहे ना?"

"मंग? वावर त्याच्याच नावावर करायचंय. म्या तर घरात म्हणलं, सरांना कसं काय कळलं!"

मागोमाग आणखी माती आली. विहिरीचं पाणी आलं, सोयाबीन आलं. एकीनं तर कैरीचं लोणचं आणलं. "परदेशी जायचंय म्हणल्यावर जरा तेल जास्त घातलं," ती लाजत म्हणाली.

तासाभरात शेजारच्या गावात बातमी गेली की शाळेत माती फुकट तपासून राह्यले! मोटरसायकली धडाधड येऊन लागल्या. शाळेच्या फाटकापासून चहाच्या टपरीपर्यंत रांग! कारभारी नावाचे एक गृहस्थ तीन पिशव्या घेऊन थेट टेबलाशी आले.

"तीन वावरं हायेत, सर. जल्दी घ्या, बैलं सोडून आलो."

"काका, माती नको!"

"मंग काय पाह्यजे?"

"ते... पोरांचं... सकाळचं..."

"सकाळचं काय? च्या?"

"कल्याण, बोल ना एकदाचं!" आकांक्षा ओरडली.

चांगुणाबाईंनी त्याचं मनगट धरलं आणि त्याला ग्रामपंचायतीच्या माइकपुढे नेऊन उभं केलं. कल्याणनं डोळे घट्ट मिटले.

"आयाबायांनो! पोरांची शी पाहिजे! शी! माती नको, लोणचं नको, फक्त शी!"

 चारी बाजूंनी असा हशा उठला, की टपरीवाल्याच्या हातचा चहा सांडला. कारभारींनी पिशव्या उचलल्या.

"एवढ्यासाठी पेट्रोल जाळलं व्हय!" ते म्हणाले आणि किक मारून निघून गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र चाळीसच्या चाळीस डब्या हजर! झाकणं घट्ट, आतला माल बरोबर. त्या बर्फाच्या पेटीत ठेवताना कल्याणची छाती दोन इंच फुगली. आकांक्षानं एक डबी उचलून फिरवली. दुसरी फिरवली. तिसरीही.

"कल्याण, नावं कुठंयत?"

"माती लागली व्हती ना!" एक आई अभिमानानं म्हणाली. "राख घेऊन घासून घासून चकाचक केल्या. गावाची इज्जत हाय, सर!"

"पण आता कुणाची कोणती, ते कसं कळणार?"

"आवो, आईला कळत न्हाई का?" असं म्हणून ती पेटीत वाकली आणि एक डबी उचलली. "ही आमच्या सुमितची!"

"बिलकुल न्हाई! ती आमच्या भावनाची हाय!" दुसरीनं डबीला हात घातला.

दोघी डबी ओढायला लागल्या. झाकण सैल व्हायला लागलं तसे बाकीचे सगळे तीन-तीन पावलं मागे सरले. आकांक्षानं जिवावर उदार होऊन डबी सोडवली.

कल्याणनं प्रिया मॅडमना फोन लावला. 

"परत घ्या," सगळं ऐकून मॅडम म्हणाल्या. "चाळीसही. आजचा दिवस मी प्रयोगशाळेत कसातरी सांभाळून घेते."

पुढे नमुने गेले, औषधही आलं. पण त्या दिवशी कल्याण पुन्हा माइकपुढे उभा राहिला तेव्हा त्याचे कान लालबुंद झाले होते. त्यानं नुसता घसा खाकरला, तर घराघरांतून आवाज आला, "कळलं, कळलं! उद्या आणतो!"

फक्त चांगुणाबाई पायरीशी येऊन उभ्या राहिल्या.

"सर, आम्ही तर आणूच," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "पर आमच्या प्रेमला रोज उठून व्हत न्हाई. तेवढं त्या परदेशवाल्यांना माइकवरूनच सांगून टाका!"