फियाटचे पॉइंट आणि कुंभारीचा जावई

मी बढाई मारत नाही, पण अख्ख्या शुक्रवार पेठेत फियाटचे पॉइंट सेट करणारा माझ्यासारखा दुसरा माणूस नाही. पहिला तरी आहे का, हा प्रश्न पुढे कुंभारी गावात उपस्थित झाला.

गाडी माझी नाही, वेणीमाधवकाकांची. काका निवृत्त शिक्षक, आणि फियाट वयाने माझ्या दुप्पट, स्वभावाने चौपट. काका तिच्याबद्दल बोलताना 'ही' म्हणतात. त्यामुळे "आज हिला तेल पाजलं" हे ऐकून पाहुणे काकूंकडे चमकून बघतात.

हल्लीच्या गाड्या बटण दाबलं की सुरू होतात. त्यात कसला पराक्रम! फियाटच्या इंजिनाला एक काळी टोपी असते. टोपीखाली धातूचे दोन चिमुकले ठिपके उघडझाप करत असतात, तेच पॉइंट. ते उघडले की तिकडे प्लगमध्ये ठिणगी पडते. दोघांमधलं अंतर मात्र मोजकं हवं. एका घरातल्या सख्ख्या भावांसारखं! फार जवळ आले की जळतात, फार लांब गेले की घर चालत नाही.

तर एके दिवशी काकांचा कुंभारीच्या शाळेतला जुना विद्यार्थी मायाप्पा घरी आला. आता तो स्वतःच मुलीचा बाप, आणि दारात मोठा मेंढरांचा कळप.

"गुरुजी, ऋतुजाचं लगीन ठरलं. पोरगा वैरागचा हाय, अजिनाथ. मारुतीच्या देवळापासनं मांडवापतुर नवरदेव तुमच्याच गाडीतनं आला पायजे. ह्या गाडीला धक्का मारून मारून तर पास झालो आमी!"

"तो शारीरिक शिक्षणाचा तास होता," काका गंभीरपणे म्हणाले. "येईल! नवरदेव मुहूर्ताच्या आधी मांडवात येईल. माझा शब्द!"

शब्द दिला त्याच आठवड्यात गाडी रोज सकाळी नुसती खुर्र खुर्र करायला लागली. मी म्हणालो, "काका, पॉइंट गेलेत. माझ्यावर सोडा." मोबाईलवर व्हिडिओ लावला, टोपी काढली, पॉइंट पॉलिश पेपरने घासले, मधे मोजायची पाती घालून अंतर बसवलं. पहिल्याच सेल्फला गाडी अशी गरजली, की समोरच्या गॅलरीतल्या कबुतरांनी घर बदललं!

काकांचे डोळे पाणावले. "अथर्व, कंपनीनंसुद्धा इतकं बारीक काम केलं नव्हतं!"

मीही तसंच म्हणालो.

लग्नाच्या दिवशी आम्ही कुंभारीच्या मारुतीपाशी हजर. नवरदेव अजिनाथ बाशिंग बांधून तयार. हातात कट्यार, कट्यारीच्या टोकाला लिंबू. त्याची आजी बनाबाई पुढे आली, भला थोरला विडा त्याच्या तोंडात कोंबला आणि म्हणाली, "मांडवात जाईपतुर त्वांड उघडायचं न्हाय. आन एकदा गाडीत बसला की मांडवातच उतरायचं. मदी पाय जमिनीला लागला तर चांगलं नसतंय बग."

अजिनाथ आज्ञाधारक मुलगा. बसला. बँड सुरू झाला. मी सेल्फ मारला.

खुर्र... खुर्र... खुस्स!

दहा वेळा सेल्फ मारून पाहिला, मग बॉनेट उघडलं, टोपी काढली. आत दोन्ही पॉइंट एकमेकांना मिठी मारून बसलेले! अंतर मी बरोबर बसवलं होतं. फक्त ते जागेवर धरून ठेवणारा स्क्रू घट्ट पिळायचा राहिला होता. व्हिडिओत नेमकी त्याच वेळी जाहिरात आली होती. आणि आता स्क्रू ड्रायव्हर कुठे? शुक्रवार पेठेत, तुळशीच्या कट्ट्यावर!

मांडव दोन शेतं पलीकडे. तिकडे बातमी पोचली, "नवरदेव गाडीतनं हलंना!" याचा अर्थ त्या भागात लहान पोरालाही कळतो. नवरदेव रुसला! रुसलेल्या जावयाला काहीतरी देऊन उठवायचं, ही रीतच.

नवरीचा मामा हरिबा अंगठी घेऊन धावत आला. "पावनं, घ्या की. रुसू नगा."

अजिनाथने जोरजोरात मान हलवली. त्याला म्हणायचं होतं, मी रुसलोच नाही. पण तोंडात विडा!

"अंगठी नगं म्हनतोय!" हरिबा ओरडला. "घड्याळ आना!"

घड्याळ आलं. मान हलली. नवा कोरा मोबाईल आला. मान इतकी हलली, की मुंडावळ्यांचा वारा लागून जवळचे दोघे शिंकले.

मी बॉनेटमधून डोकं काढलं. "अहो, तो रुसला नाही, गाडी..."

काकांनी माझ्या पायावर पाय दिला. "गप! गाडी बंद पडली म्हणायचं नाही. माझ्या शब्दाचा प्रश्न आहे."

"आणि त्याच्या अब्रूचं काय?"

"तो तरुण आहे. परत मिळवेल."

एवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि मायाप्पा आला. बरोबर सुलतान! सुलतान म्हणजे त्याचा लाडका मेंढा. शिंगं अशी, की एखाद्या देवळाला कमान म्हणून लावावीत.

"ह्यो माज्या घरातला थोरला," मायाप्पा फेट्याच्या शेवाने डोळे पुसत म्हणाला. "पोरीसाटी ह्यो बी दिला. पन चला आता, मुहूर्त चाललाय!"

आणि त्याने सुलतानला मागच्या सीटवर, नवरदेवाशेजारी चढवला. सुलतानने इकडेतिकडे पाहिलं, कट्यारीचं लिंबू खाल्लं आणि हाराला सुरुवात केली. अजिनाथ आता नुसती मान नाही, अख्खा हलायला लागला.

मायाप्पाचा चेहराच उतरला. "सुलतान बी नगं? मग काय माजं शेत पायजे व्हय रं तुला? असल्या घरात पोरगी देऊ का मी?"

"ए, आमचा पोरगा हावरा न्हाय!" वैरागकर अस्तन्या सारत पुढे आले.

"मग हलंना कशापाय?"

मांडवातून भटजी माइकवर ओरडले, "मुहूर्त टळतोय!" दोन फेटे हवेत उडाले. आता घाई करणं भाग होतं. मी खिडकीतून हात घालून अजिनाथची कट्यार ओढली. तेवढंच स्क्रूला बसेल असं टोक होतं!

"कट्यार उपसली! धरा त्याला!"

मी धावत बॉनेटमध्ये शिरलो. लग्नपत्रिकेचा कोपरा पॉइंटच्या मधे धरून अंतर बसवलं आणि कट्यारीने स्क्रू पिळला. घट्ट! टोपी लावून सेल्फ मारला. नुसतं टक्! माझ्या खुर्रखुर्रीत बॅटरी संपली होती.

आणि मग ऋतुजा आली. शालू, मुंडावळ्या, हातभर चुडा, आणि सरळ ज्वारीच्या धसकटांतून चालत! मागे चार मावश्या, "अगं नवरीनं असं येऊ न्हाई!" ती खिडकीशी वाकली.

"रुसलायसा?"

मान आडवी.

"सोनंनाणं काय पायजे?"

मान आडवी.

"गाडी बंद पडली का?"

मान उभी! इतक्या जोरात, की बाशिंग नाकावर आलं.

इतका वेळ अख्खं गाव त्याला काय हवंय ते विचारत होतं. काय झालंय, हे विचारायचं एकटीला सुचलं! मी त्या क्षणी तिचा भक्त झालो. अजून आहे.

ती माझ्याकडे वळली. "दादा, धक्का मारला तर चालू हुईल?"

"म्हणजे बॅटरी उतरलीय, पण पॉइंटचं अंतर जर..."

"व्हय का न्हाय?"

"व्हय," मी म्हणालो.

तिने पदर खोचला. "वैरागवालं डाव्या अंगाला, आमचं उजव्या. आप्पा, रडू नगा, मागनं लागा. हाणा!"

एकमेकांच्या गचांड्या धरायला निघालेले हात फियाटला लागले. सगळ्यांच्या मधोमध नवरी! गाडी पळायला लागली, मी दुसरा गिअर टाकून क्लच सोडला. भडाम्! असा काळा धूर निघाला, की वैरागचे पाहुणे काही काळ दिसेनासे झाले.

आम्ही मांडवात पोचलो. मी, नवरदेव आणि मेंढा. गाडी बंद करायची छाती होईना, म्हणून ऋतुजा चालत येईपर्यंत मी मांडवालाच फेऱ्या मारत राहिलो. मुहूर्त निसटता निसटता सापडला.

अजिनाथने विडा थुंकला आणि सासऱ्याकडे बघून पहिलं वाक्य बोलला, "मामा, मला काय बी नगं हुतं ओ!"

मायाप्पा विचारात पडला. अंगठी नाकारली. घड्याळ नाकारलं. मोबाईल नाकारला. सुलतानसुद्धा! त्याने जावयाला कडकडून मिठी मारली. "असला जावई दिवा घिऊन हुडकला तर घावंल का? गुरुजी, ही गाडी न्हवं, मानसाची पारख हाय!"

"म्हणूनच थांबवली होती," काका म्हणाले.

तेव्हापासून मुलींचे बाप आमच्या दारात येतात. मध्यंतरी सिद्धलिंगप्पा नावाचे गृहस्थ आले. "आमचा बी जावई पारखून द्या की. गाडी चांगली टायमाला बंद पडली पायजे बगा." काका मला म्हणाले, "पॉइंट तूच सेट कर. म्हणजे खात्री."

मी जीव ओतून सेट केले. लग्नात तीनशे माणसं श्वास रोखून उभी. सेल्फ मारला, आणि गाडी एका झटक्यात सुरू होऊन थेट मांडवात!

पंगतीत सिद्धलिंगप्पांनी माझ्याकडे पाठ केली. शेजारच्याला म्हणाले, "आजकालच्या पोरांचं कामात लक्षच न्हाय."