मध्यरेषेवरची कोनशिला

"आयुष्यात एक तरी सरकारी काम असं करून दाखवीन, की कुणाला बोट ठेवायला जागा मिळणार नाही!" लेव्हलसाहेब बायकोला सांगत होते, आणि सांगता सांगता भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करत होते.

"ते सोडा आता," बायको म्हणाली, "सकाळपासून सरळच करताय. भिंत वाकडी आहे!"

लेव्हलसाहेब म्हणजे बांधकाम खात्यातले कनिष्ठ अभियंता. खिशात पेन नसेल एक वेळ, पण आत बुडबुडा फिरणारी ती लेव्हलची पट्टी असायचीच. जेवायला बसले तरी आधी टेबलावर पट्टी ठेवणार. त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी उपयोगात यायचं.

यावेळचं काम होतं नाल्यावरचा पादचारी पूल. नाल्याच्या अलीकडे साहेबांचं घर, पलीकडे घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांचं दुकान. काका म्हणजे साहेबांच्या वडिलांचे, अण्णांचे, जिवलग मित्र आणि बुद्धिबळातले हाडवैरी. जुना लाकडी पूल मोडला, तेव्हा अण्णा चाकांच्या खुर्चीत होते आणि काका काठीवर. लांबचा वळसा कोण घेणार? "मला सामानासारखं उचलून गाडीत घालायचं नाही!" अण्णांनी आधीच बजावलं होतं. मग दोघांनी आपापल्या काठावर आपापला पट मांडला आणि चाली ओरडून सांगायला सुरुवात केली. अण्णांनी "शह!" म्हटलं की नाक्यावरचा कुत्रा उठून पळायचा.

पुढे काकांना ऐकू येईनासं झालं आणि डाव अर्ध्यावर थांबला. अण्णा तरीही रोज पट मांडून बसायचे. समोरून चाल यायची नाही. खरं सांगायचं तर साहेबांनी तो पूल सरकारसाठी बांधलाच नाही, तो अण्णांसाठी बांधला. पायऱ्यांऐवजी खुर्ची चढेल असा लांब, सावकाश उतार आणि अण्णांच्या हाताला येईल असा कठडा. उद्घाटन झालं की सगळ्यात आधी अण्णांची खुर्ची पलीकडे जाणार, हेही ठरलं होतं.

पुलाच्या मंजुरीला वर्षं लागली. कोनशिलेची मंजुरी मात्र एका दुपारी आली! आधी तिच्यावर एकट्या जिल्हा परिषद अध्यक्षांचं नाव होतं. मग उपाध्यक्ष रुसले. त्यांचं घातलं तर सदस्य रुसले. नावं वाढली तसा दगड वाढला, आणि दगड वाढला तसा त्याच्याखाली ओटा आला.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी साहेब मोठ्या साहेबांच्या केबिनबाहेर नावांचा क्रम लावत बसले होते, तेवढ्यात गवंड्याचा फोन आला.

"साहेब, कोनशिला आलीय. कुठं बसवू?"

आत कुणीतरी आणखी एक नाव सुचवत होतं. साहेबांचा एक कान तिकडे. दुसऱ्या कानानं ऐकून त्यांनी प्रत्येक कामाला द्यायचं ठरलेलं उत्तर देऊन टाकलं. "दर वेळी सांगायला हवं का? मध्यरेषा धर, पाया खोल घे, आणि हलता कामा नये!"

गवंडी आज्ञाधारक माणूस.

दुसऱ्या दिवशी साहेब अण्णांच्या खुर्चीला तेलपाणी करून पुलाशी पोचले, आणि बघतात तर काय! उताराच्या तोंडाशी, दोन्ही कठड्यांच्या बरोबर मधोमध, कोनशिला उभी होती! दोन्ही बाजूंना एक माणूस आडवा होऊन जाईल एवढीच फट.

"अरे, हे काय केलंस?"

"मध्यरेषा, साहेब! आणि सपाटीही. पट्टी लावून बघा की."

साहेबांनी सवयीनं पट्टी लावली. बुडबुडा अगदी मधोमध. त्यांच्या साऱ्या नोकरीत इतकं बिनचूक काम झालं नव्हतं!

तेवढ्यात गाड्या आल्या. प्रमुख पाहुण्यांनी फीत कापली आणि ते ऐटीत पुलाकडे निघाले. पाहुणे अंगानं भरदार. फटीत शिरले आणि अडकले! एकानं पुढून ओढलं, दुसऱ्यानं मागून ढकललं. सुटले तेव्हा त्यांच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर ओल्या सोनेरी रंगात उपाध्यक्षांचं नाव उलटं उमटलं होतं. उपाध्यक्ष मात्र दिवसभर खुशीत होते.

गर्दी पांगली. अण्णांची खुर्ची कोनशिलेसमोर येऊन थांबली. पलीकडे काका दुकानाच्या दारात काठी टेकून उभे होते. अण्णांनी दगडावरची सगळी नावं मोठ्यानं वाचली.

"तुझं नाव कुठाय रे?"

"अभियंत्याचं नसतं, अण्णा."

"बरंय. निदान शिव्या तरी त्यांना बसतील," अण्णा म्हणाले आणि खुर्ची वळवून घरी गेले. त्या रात्री त्यांनी पट मांडला नाही. साहेबांना वाटलं, यापेक्षा चारचौघांत कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं.

साहेब मोठ्या साहेबांकडे धावले. "सर, कोनशिला हलवायला हवी."

"वेडा आहेस का? पूल पाडायचा असेल तर सांग, काहीतरी कारण शोधू. कोनशिलेला हात कसा लावणार? त्यावर नावं आहेत!"

तरीही साहेबांनी पिच्छा सोडला नाही. या टेबलावरून त्या टेबलावर चपला झिजवल्या. हात जोडले, गयावया केली, आणि शेवटी कोनशिला बाजूला सरकवायची परवानगी मिळवलीच. घण घेतलेल्या गवंड्याला बरोबर घेऊन ते विजयी मुद्रेनं पुलाशी आले.

कोनशिलेच्या ओट्यावर बुद्धिबळाचा पट मांडलेला होता! पटाच्या एका बाजूला खुर्चीत अण्णा, दुसऱ्या बाजूला ओट्याच्या कडेवर काका. घड्याळाच्या काट्यासारखे सडपातळ काका काठी टेकत पूल ओलांडून त्या फटीतून आरामात सटकले होते. साहेब टेबलं पालथी घालत होते, तेव्हा हे दोघे रोज इथं बसत होते. आणि साहेबांना घरी कळलंही नव्हतं, कारण ते घरी असायचेच कुठं?

"अण्णा, जरा बाजूला व्हा. ओटा तोडून दगड सरकवायचाय. मग तुम्हाला पलीकडे जाता येईल."

"पलीकडे कशाला जाऊ? माझा माणूस इथंच येतो," अण्णा पटावरून नजर न हलवता म्हणाले. "आणि ओटा बघ कसा झालाय. एक प्यादं घरंगळत नाही! तुझ्या हातून पहिल्यांदाच काहीतरी लोकांच्या उपयोगाचं झालंय, त्याला घण लावतोस? डाव अर्धा आहे. आम्ही हलणार नाही."

गवंड्यानं घण खाली ठेवला आणि तोही चाल बघायला वाकला. तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला.

"काय, झालं का काम?" मोठे साहेब.

"थांबलंय, सर. स्थानिक नागरिकांचा विरोध आहे."

"किती जण आहेत?"

"दोन."

"दोनच? अरे, मग दम दे आणि हाकलून लाव!"

"कसं हाकलू, सर? एक माझे वडील आहेत," लेव्हलसाहेब हळूच म्हणाले, "आणि दुसऱ्यांना ऐकू येत नाही."