साळवे काकांचे चार टायर

साळवे काकांना रस्त्यात नमस्कार केला, तर ते आधी तुमच्या तोंडाकडे बघत नाहीत. तुमच्या गाडीच्या टायरकडे बघतात. मग उकिडवे बसून अंगठ्याने टायर दाबतात आणि खालूनच विचारतात, "हवा कमी हाय सर. बाकी बरं हाय ना समदं?" माझी तब्येत त्यांच्या लेखी टायरनंतर येते.

आमच्या कॉलनीत एका लग्नाची वरात निघत होती. फुलांनी मढवलेली गाडी, आत फेटा बांधलेला नवरदेव, बँडवाले तयार. तेवढ्यात काका पुढे झाले आणि गाडीच्या मागच्या चाकापाशी बसले. नवरदेवाच्या आत्याला वाटलं, ते चाकाला नमस्कार करतायत. तिने भाबडेपणाने चाकावर हळदकुंकू वाहिलं.

"काका, मुहूर्त टळतोय," ड्रायव्हर म्हणाला.

"मुहूर्त होल्डवर ठिवा. ह्या टायरला फुगा आलाय."

फुगा खरंच आला होता. स्टेपनी टाकून होईपर्यंत बँडवाल्यांनी तीन गाणी वाजवली आणि नवरदेव घामाने भिजला.

'होल्डवर ठिवा' हे काकांचं पालुपद. नगरजवळच्या नागापूर एमआयडीसीत त्यांनी सगळी नोकरी माल तपासण्यात काढली. तयार झालेला भाग पास करायचा, नापास करायचा, आणि शंका आली तर होल्डवर ठेवायचा. निवृत्त झाल्यावर माल संपला, शंका राहिल्या. भाजीवाल्याकडची वांगी होल्डवर, टीव्हीवरचा हवामानाचा अंदाज होल्डवर, पोरीला आलेली स्थळंही होल्डवर.

पोरगी म्हणजे वर्षा. ती नर्स आहे. काकू जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हापासून घरात हे दोघंच. वर्षाकडे एक छोटी पांढरी गाडी आहे, जुनी, पण काकांनी लेकरासारखी जपलेली. गेल्या वर्षी वर्षाची बदली अकोले तालुक्यात, पार डोंगरातल्या आरोग्य केंद्रात झाली. तिथेच खोली घेऊन राहायचं होतं. आणि नेमके तेव्हाच गाडीचे टायर गुळगुळीत झाले होते.

वर्षाला वाटलं, दुकानात जाऊ, टायर टाकू, तासाभराचं काम. तिने बापाला इतकी वर्षं बघूनही असं वाटून घेतलं, याचंच मला नवल वाटतं.

काका आमच्याकडे चहाला आले आणि माझ्या बायकोला समजावू लागले. "वहिनी, टायरवर लिवलेलं असतं. एकशे पंचावन्न, ऐंशी, तेरा. एकशे पंचावन्न म्हंजी रुंदी, मिलिमीटरमधी. ऐंशी म्हंजी रबराची उंची, रुंदीच्या ऐंशी टक्के. अन् तेरा इंची रिम."

"मग तेच आणायचे की. अवघड काय त्यात?"

"दुकानदार म्हनतो, पंधरा इंची घ्या, अलॉयची. वर्षालाबी आवडली. पर रिम मोठी केली का रबराची उंची कमी हुती. रबर कमी, तर खड्डा सरळ रिमला लागतो. रिम वाकली, हवा गेली, अन् डोंगरात पोरगी एकटी."

काकांची कुठलीही शंका कुठूनही निघाली तरी याच मुक्कामाला पोचायची. टायर रुंद घ्यावा, तर पाण्यावर तरंगेल आणि पोरगी एकटी. अरुंद घ्यावा, तर वळणावर पकड सुटेल आणि पोरगी एकटी. दुकानदार म्हणाला, झिजलेत पुढचेच, तर पुढचेच दोन बदला. त्यावर काका दोन दिवस जेवले नाहीत. "ही गाडी पुढच्या चाकांवर चालती सर. वढायचं त्यांनीच, वळायचं त्यांनीच, ब्रेकचा भारबी त्यांच्यावरच. म्हनून ती आधी झिजली. पर नवी पुढं टाकली अन् वल्या रस्त्यावर मागची घसरली, तर गाडी गिरकी घेनार. मग पोरगी काय करंल?"

वर्षा वैतागून म्हणाली, "पप्पा, टायर घ्यायचेत. नवरा नाही बघायचाय."

"नवरा परत बघता येतो," काका म्हणाले.

शेवटी तिच्या हट्टापायी ते पंधरा इंची चाकं लावून बघायला तयार झाले, पण तपासणी आपल्या पद्धतीने. मला आणि बायकोला बोलावणं आलं. शेजारचे गुजर वकील खास वजनासाठी आणले होते. बायको हळदीकुंकवाला निघाली होती, ती पैठणीतच गाडीत बसली. दुकानासमोर आम्ही तिघं मागच्या सीटवर, वर्षा स्टेअरिंगवर आणि काका पुढच्या चाकाशेजारी वर्तमानपत्र अंथरून आडवे.

"स्टेरिंग पूर्न फिरीव! आता उजवीकडं! वकीलसाहेब, जरा उड्या मारा!"

"मी उड्या मारू?"

"खड्ड्यात गाडी मारनारच हाय. तुमी आधी मारा."

वकिलांनी मारल्या. गाडी हलली, बायकोच्या हातातलं वाणाचं सामान माझ्या मांडीवर सांडलं, रस्त्यावर माणसं जमली. त्यातल्या एकाने विचारलं, आत कुणाला फीट आलीय का. आणि तेवढ्यात खालून आवाज आला, खर्रर्र. टायर आतून मडगार्डला घासत होता.

"ऐकलं का?" काका उठले. पाठ धुळीने भरलेली, चेहरा मात्र समाधानी. "नापास."

"काका, गाडीचा लूक बघा ना," दुकानदार शेवटचं म्हणून बघत होता.

"लूक घाटात ब्रेक मारतो का?"

आता तरी मूळ मापाचे टायर टाकतील, असं आम्हाला वाटलं. पण नाही. तेरा इंचीमध्ये कुठल्या कंपनीचे, कुठल्या नक्षीचे, कधी बनलेले, यावर काकांचं पुन्हा सुरू झालं. एक दुकान झालं, दुसरं झालं. प्रत्येक ठिकाणी अंगठा, प्रत्येक ठिकाणी होल्ड. वर्षाची रुजू व्हायची तारीख जवळ आली. तिने सामान बांधलं. आता आम्हालाच धडधडायला लागलं. ही पोरगी त्या गुळगुळीत टायरवर घाट चढणार की काय?

त्या रविवारी राहुरीकडे एका दुकानात चांगला माल आलाय असं काकांना कळलं. वर्षा गाडी चालवत होती, काका शेजारी, मी मागे. उसाच्या ट्रॉल्या जाऊन जाऊन रस्त्यावर चिखल आणि पाचट पडलं होतं. एका वळणावर समोरून ट्रॅक्टर आला. वर्षाने ब्रेक दाबला, स्टेअरिंग वळवलं. चाकं वळली असतील, गाडी मात्र वळली नाही. सरळ घसरत गेली. मला फक्त बाभळीचं झाड मोठं मोठं होताना दिसलं. झाडाच्या अलीकडे, साइडपट्टीच्या खडीत गाडी थांबली.

ट्रॅक्टरवाल्याने मागे वळून बघितलं आणि तो गेला. काका उतरले. मला वाटलं, टायर बघतील. ते खडीवर बसले. दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले.

वर्षा त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाली, "पप्पा, उद्या टायर टाकायचे. पास, नापास, काही पण. नाही तर मी ह्याच टायरवर जाते."

"टाकू."

"हे तुम्ही महिन्यापूर्वी पण म्हणाला होतात. तुम्हाला कळत नाही असं थोडंच आहे? पहिल्या दिवशीच तुम्हाला माप माहीत होतं."

काका हळूच म्हणाले, "टायर झालं का तू निघालीस."

मी उगाच गाडीच्या पलीकडे जाऊन पाचट पायाने बाजूला सारत राहिलो. थोड्या वेळाने बघितलं, तर ती बापाच्या शेजारी खडीवर बसली होती. दोघंही रस्त्याकडे बघत होते. नगरला परत येताना तिने गाडी इतकी हळू चालवली की सायकलवाले पुढे जात होते.

सोमवारी दुकानाचं शटर उघडायच्या आधी काका पायरीवर बसले होते. मूळ मापाचे चार टायर घेतले, चारही नवे. दुकानदाराने दोन वेळा विचारलं, "काका, नक्की ना?" त्याचाच विश्वास बसत नव्हता.

दोन दिवसांनी सकाळी वर्षा निघाली. काकांनी तिला जॅक कुठे लावायचा ते पुन्हा दाखवलं, हवा किती भरायची ते पुन्हा सांगितलं. "नीट जा" एवढं मात्र त्यांना म्हणता आलं नाही. गाडी वळणाआड गेल्यावर ते पार्किंगच्या रिकाम्या जागेत उभे राहिले आणि जमिनीवरचा तेलाचा डाग चपलेने पुसू लागले.

संध्याकाळी मीच त्यांना वर आमच्या घरी घेऊन आलो. सोफ्याच्या कडेला ते असे बसले होते, जणू कुणीतरी त्यांना आता उठवणारच आहे. तेवढ्यात फोन वाजला. वर्षा. त्यांनी स्पीकर लावला.

"पोचलीस? टायर कसं चाललं? घाटात आवाज आला का? ब्रेक मारल्यावर एका बाजूला वढती का?"

"टायर एकदम बरे आहेत पप्पा." मग ती जरा थांबली. "तुम्ही जेवलात का?"

काकांनी फोन माझ्या हातात दिला. दिवसभर काही खाल्लं नसावं, हे मला तेव्हा कळलं. फोनमधून वर्षा म्हणत होती, "पप्पा? ऐकू येतंय ना?"

स्वयंपाकघरातून माझी बायको पिठाच्या हातानेच बाहेर आली आणि फोनवर वाकली. "वर्षा, ते आमच्याकडेच जेवणारेत गं. पिठलं टाकलंय. तू खोलीला कडी लावून घे आणि तूही जेव."

फोन बंद झाला. काका उठले आणि हातपाय धुवायला मोरीकडे गेले. आतून नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला. बायकोने माझ्याकडे बघितलं आणि परातीत आणखी दोन मुठी पीठ घेतलं.