अंबादासमामा आणि नाहीशी होणारी यंत्रं

आमच्या घरी नवा फ्रीज आला त्या दिवशी शेजारचे अंबादासमामा चपला बाहेर काढून आत आले, फ्रीजभोवती जमेल तेवढी प्रदक्षिणा घातली, दार दोनदा उघडून मिटलं आणि मयताला आल्यासारख्या आवाजात म्हणाले, "सर, हे दार जाणार."

बायको घाईघाईनं वॉरंटीचं कार्ड शोधायला लागली.

"आज न्हाय ओ वहिनी. तीस-चाळीस वर्सं जातील की. आदी दार जाणार, मग डबा जाणार. नुसता गारवा ऱ्हाणार. दूध हितं टेबलावर असंल आणि गार असंल. व्हय की न्हाय?"

अशा वेळी 'व्हय' म्हणायचं असतं. 'न्हाय' म्हटलं की मामा खुर्ची ओढून बसतात.

मामा मूळचे जॉबर. कारखान्यातला माग बिघडला की तो ठाकठीक करणारा माणूस म्हणजे जॉबर. सोलापूरच्या पूर्व भागात निम्मा जन्म त्यांनी मागाखाली आडवं पडून काढला. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि हातातून नट निसटला की शिवी मात्र दखनीतून. मागाखाली पडल्या पडल्याच त्यांना एक नियम सापडला होता, आणि तो ऐकल्याशिवाय आमच्या गल्लीत कुणाला राहता येत नसे.

"माणसाचं सांगता येत न्हाय सर, यंत्राचं सांगता येतंय. त्याची वाट ठरल्याली हाय. आदी घट्ट. मग सांदा, म्हंजे बिजागरी. मग वाकणार. मग हवा."

पुरावा म्हणून माग हजर असायचाच. पूर्वी लाकडाचा धोटा सूत घेऊन या टोकाचा त्या टोकाला आपटायचा. मग धोटा गेला, सूत धरून नेणारी नुसती पट्टी आली. आता नव्या मागांत हवेचा झोतच सूत फेकतो. "उद्या हवा पन जाणार. आता ह्याच्या पुढं काय, सांगा की!"

हा नियम ते कशालाही लावत. माझी छत्री, डॉक्टरांची खुर्ची, बोळातलं फाटक. एकदा एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी नवरदेवालाच गाठून सांगितलं, "आदी घट्ट, मग सांदा." पुढचं ऐकायच्या आत मुलीचे वडील ताट सोडून आले आणि मामांना हाताला धरून पार मठ्ठ्याच्या पिंपापाशी नेऊन बसवलं.

उन्हाळ्याच्या दुपारी मात्र हा माणूस वेगळाच व्हायचा. आमच्या दोन घरांच्या मध्ये एक लिंब आहे. त्याखाली बाज टाकून मामा उताणे पडत. मी सकाळची शाळा शिकवून आलो की तिथंच टेकायचो. सोलापूरचं ते ऊन, समोरचा रस्ता हलल्यासारखा दिसायचा, लांबच्या कुठल्याशा कारखान्यातून मागांची खटखट झोपेत ऐकल्यासारखी यायची. डोळे मिटून मामा बोलायला लागत.

"कारखाना हाय सर. भला मोठा. आत माग न्हाय. पट्टा न्हाय, मोटार न्हाय. नुसतं कापड. वरनं खाली येतंय. हळू. चादर हाय, मोराची. एकेक पीस भरत चाललंय."

माझेही डोळे जड व्हायचे आणि खरं सांगतो, मला ती चादर दिसायची. लिंबाच्या उन्हासावलीतून अलगद उतरणारी, कुणाचाही हात न लागता विणली जाणारी. कितीतरी वेळ आम्ही दोघं तिच्याकडे बघत असू.

"आवाज न्हाय," मामा शेवटी म्हणायचे. "आयकलं का सर? येवडासा पन आवाज न्हाय."

ते असं का म्हणायचे, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. त्यांची बायको, आमची नरसूअक्का, त्याच कारखान्यात मागांच्या शेजारी बसून वर्षानुवर्षं सूत गुंडाळून धोट्याच्या कांड्या भरत होती. त्या खटखटाटानं तिचे दोन्ही कान गेले. समोरून बोललं तर ओठांवरून तिला कळायचं, पाठ फिरली की जग बंद. मामांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. अक्काला ऐकू यावं. बाकीचा नियम, ते घट्ट नि सांधा, मला वाटतं त्यांनी स्वतःला धीर द्यायलाच शोधला होता.

कानाचं पहिलं यंत्र डबीएवढं होतं. गळ्यात अडकवायचं आणि वायर कानात. त्यातून अक्काला स्वतःच्या लुगड्याची खसखस तेवढी ऐकू आली. दुसरं कानामागं बसायचं आणि शिट्ट्या मारायचं. आमची ही कुकरच्या शिट्ट्या मोजताना यंत्राचीही शिट्टी धरायची, त्यामुळं त्या वर्षी आम्ही बरीच कच्ची डाळ खाल्ली. तिसरं कानाच्या आत बसणारं होतं. ते कडक भाकरीच्या पिठात पडलं, आणि अक्कानं ते जाणूनबुजून पाडलं असा मामांना कायम संशय होता.

"ऱ्हाऊ द्या. बरोबर चाललंय," मामा बोटांवर मोजत म्हणत. "गळ्यातलं कानामागं आलं, कानामागचं आत गेलं. चौथं दिसणारच न्हाय. थांबा तुमी."

आम्ही थांबलो. ते जास्त थांबले.

गेल्या वर्षी त्यांची मुलगी पद्मा, जी पुण्यात नर्स आहे, ती सुट्टीला आली आणि आईला घेऊन गेली. पंधरा दिवसांनी अक्का परतली तेव्हा कानात ज्वारीच्या दाण्याएवढं काहीतरी होतं. वाकून बघितलं तरी दिसेना. रिक्षातून उतरता उतरता ती थबकली आणि वर बघून म्हणाली, "ही चिमणी हाय व्हय?"

त्या दिवशी गल्लीत नुसता सण होता. नळाची टपटप ऐकून अक्का हसली. आमच्या घरी येऊन पंख्याकडं बघत म्हणाली, "अगं बाई, ह्याला येवडा आवाज हाय? तुमी झोपता कसं?" मामा घरोघरी पेढे वाटत फिरले. "बगा! म्हनलं नव्हतं? दिसतंय का कुटं?" मला त्यांना कडकडून भेटावंसं वाटलं, आणि भेटलोही.

आणि आठवड्याभरात मामा बोलायचे बंद झाले.

माझ्याशी बोलत. लिंबाखाली नियमही चालूच होता. पण घरात अगदी सामसूम. आमच्या हिच्याच ते पहिल्यांदा लक्षात आलं, कारण आमची स्वयंपाकघराची खिडकी त्यांच्या पडवीसमोर उघडते.

आता हे सांगायला हवं. रोज दुपारी तीनच्या सुमारास अक्का पडवीत तांदूळ निवडायला बसायची आणि मामा तिच्या मागं, भिंतीला टेकून, तासभर बोलत असायचे. तेलुगूत. पहिली काही वर्षं मला वाटायचं, नियमच समजावून सांगत असतील. मग हळूहळू भाषा कळायला लागली. "आज दमलीस तू. मी भांडी घासली असती, पण तू घासू देत नाहीस." "पद्माच्या वेळी तुझे हाल झाले, मी मागाखाली होतो. यायला पाहिजे होतं." "त्या खात्यात तुला मीच कामाला लावलं." "ही हिरवी साडी तुला फार शोभते." हे सगळं त्या न ऐकणाऱ्या पाठीला; तिनं मान वळवली की हलते ओठ मिटायचे. समोर आले की खुणेनं चहा मागायचे, बस्स. कळायला लागल्यापासून मी त्या वेळी खिडकी लावून घ्यायचो.

"मामा, आता तर बोला की," मी लिंबाखाली विषय काढला. "आता तिला ऐकू येतंय."

"तेच तर झालंय सर," ते म्हणाले. "आता तिला ऐकू येतंय की." मग कूस वळवून, भिंतीकडं तोंड करून पुटपुटले, "ह्या वयात लाज वाटती ओ."

मला हसू आलं. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली, ते यंत्र आलं आणि त्यानं या माणसाची बोलती बंद केली.

एक दिवस दुपारी मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. खिडकी उघडीच होती. अक्का पडवीत ताट घेऊन बसली होती, मामा मागं भिंतीला टेकून गप्प. अक्कानं कानाला हात लावला, तो दाणा काढला, वाटीत ठेवला आणि वाटी मामांना दिसेल अशी बाजूला सरकवली. मग पुन्हा तांदूळ निवडायला लागली. मामा त्या वाटीकडं बघत राहिले. एकदा खाकरले. आणि मग अगदी हलक्या आवाजात सुरू झाले. मी खिडकी लावून घेतली.

आता ते रोजचंच झालं आहे. परवा आमच्या हिनं न राहवून अक्काला विचारलं, "तीन वाजले की यंत्र का काढता हो? दुखतं का?"

"न्हाय की. लई चांगलं हाय."

"मग?"

"ह्यांना बोलायचं असतंय तवा."

"काय बोलतात?"

"मला काय ठावं?" अक्का म्हणाली. "मला कुटं ऐकू येतंय?" आणि पदर तोंडाला लावून, एखाद्या नव्या नवरीनं हसावं तशी ती हसली.