श्यामलाचं इंजिन आणि माझी लेबलं

"मी काही मदत करू का?" हा प्रश्न बायकोला विचारायचा, तो उत्तर 'नको' येणार याची पक्की खात्री असताना. त्या रविवारी मी तो बेसावधपणे विचारला आणि श्यामला चक्क "हो" म्हणाली.

श्यामला, म्हणजे आमची ही, बिबवेवाडीत दातांचा दवाखाना चालवते. सुट्टीच्या दिवशी मात्र तिला यंत्रं लागतात. मिक्सर, पंखा, शेजाऱ्यांचं वॉशिंग मशीन, हाताला लागेल ते ती उघडते आणि बरं करूनच बंद करते. (घरात अजून दुरुस्त न झालेला असा मी एकटाच.) या वेळी तिने वडिलांच्या जुन्या लाल एट हंड्रेडचं इंजिनच खोललं होतं. माझे सासरे महिपतराव मूळचे धायरीचे, आता आमच्याकडेच राहतात. गाडी बंद पडल्यापासून म्हातारा घराबाहेर पडेना. शेवटी कंटाळून त्यांनी भंगारवाल्याला शब्द दिला, "पुढच्या रविवारी येऊन घेऊन जा." हे ऐकल्यावर श्यामलाने थेट पाने-पकडी बाहेर काढल्या.

पार्किंगमध्ये तेल सांडलं म्हणून सोसायटीच्या चेअरमननी आम्हाला हाकललं, तेव्हा तो लोखंडी ठोकळा आमच्या कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये, थेट डायनिंग टेबलवर आला. आम्ही जमिनीवर जेवू लागलो.

"तुम्ही लेबलं लावा," श्यामला म्हणाली. "हा क्रँक, इंजिनाचा कणा. त्याला धरून ठेवणाऱ्या या चार कॅप. जी जिथली ती तिथंच बसली पाहिजे. अदलाबदल झाली तर क्रँक फिरणार नाही."

मी एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क. लेबल हा माझा प्रांत! मी सुवाच्य अक्षरात एक ते चार आकडे लिहिले, खाली रेघ मारली, आणि सवयीने 'आवक' असंही लिहिलं.

पेठेतून कॅपच्या आत जोडीने बसणारी नवी बेअरिंगं आणली, सीलबंद डब्यातली. डब्यावर साइज बरोबर. श्यामलाने ती बसवली, कॅप आवळल्या आणि क्रँक फिरवून पाहिला. फिरला, पण पार गच्च.

"कुठंतरी धरतंय," ती म्हणाली. तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला, कुणाचीतरी दाढ ठणकत होती. "आल्यावर बघते. तोवर कुणीही हात लावू नका."

ती गेली. सोफ्यावर बसलेल्या सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"जावईबापू, लेबलं तुमीच लावली ना?"

"हो."

"मग काय इचारायचं ऱ्हायलं?"

लग्नात त्यांनी मला मुलगी दिली, पण पाना द्यायला ते अजून तयार नव्हते. मी विचार करू लागलो. दोन लिहिताना बेल वाजली होती. म्हणजे दोनवर तीन आणि तीनवर दोन लागलं असणार! माझा स्वतःवरचा अविश्वास इतका दांडगा आहे की मला पुरावा लागत नाही. मी पाना उचलला, दोन्ही कॅप काढल्या, जागा बदलल्या आणि घट्ट आवळल्या.

"आता फिरवा," सासरे म्हणाले.

मी फिरवला. सासऱ्यांनी फिरवला. दोघांनी मिळून फिरवला तेव्हा डायनिंग टेबल फिरलं.

श्यामला परतली. क्रँकला हात लावताच थांबली.

"मी गेले तेव्हा हा जड का होईना, फिरत होता. आता हलतही नाहीये. कुणी हात लावला?"

सासरे पंख्याकडे पाहू लागले. मी सगळं सांगून टाकलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. तिने नुसता दवाखान्यातला छोटा आरसा आणि टॉर्च काढला, कॅपच्या कडेला धरला.

"हे बघा. ठोकळ्यावरच्या बारीक रेघा कॅपवर तशाच पुढे जायला हव्यात. एकच्या जातात, चारच्याही जातात. दोन-तीनच्या नाहीत. तुमची लेबलं बरोबर होती हो! दुरुस्ती चुकली."

(आयुष्यात एकदा बरोबर होतो, आणि तेही मी खोडून काढलं.)

तिने कॅप मूळ जागी बसवल्या. क्रँक पुन्हा जड, पण फिरता झाला. मग पेशंट कुठं जास्त चावतो ते बघायचा निळा कागद तिने एकेका बेअरिंगमध्ये घालून पाहिला. तीन ठिकाणी फिकट डाग. चौथ्यावर गडद निळा. ते बेअरिंग काढून तिने पाठ पाहिली. तिथला कोरलेला आकडा बाकीच्यांपेक्षा वेगळा होता.

"डब्यात एक जोडी दुसऱ्या मापाची आलीये. माझीच चूक," ती म्हणाली. "पेशंट बोट दाखवतो तो दात मी कधी तपासल्याशिवाय काढत नाही. इथं मात्र डब्यावर विश्वास ठेवला."

मी बघतच राहिलो. चूक इतकी सरळ मान्य करता येते, हे मला ऑफिसात कुणी शिकवलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकानदार म्हणाला, "ताई, डब्यावर काय लिहिलंय ते वाचा."

"वाचलं. आता आत काय लिहिलंय ते तुम्ही वाचा."

त्याने वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं, आणि निमूट दुसरी जोडी दिली. ती बसवल्यावर श्यामलाने एका बोटाने क्रँक फिरवला. लोण्यासारखा फिरला. सासऱ्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले आणि म्हणाले, "तेल उडालं डोळ्यात." तेल अजून घातलंच नव्हतं.

रविवारी गाडी जोडून तयार झाली. भंगारवाला आला, तो नुसता बघत उभा राहिला. बॅटरी उतरलेली, म्हणून मी आणि त्याने मिळून धक्का मारला. गाडी फुरफुरली, गुरगुरली आणि सुरू झाली! श्यामला खिडकीतून ओरडली, "आता बंद नाही करायची हं! बाबांना खडकवासल्याला नेऊन आणते!" सासऱ्यांनी मागे वळून मला हात केला, आणि बाप-लेक निघून गेले. मी रस्त्यात उभा राहून टाळ्या वाजवत होतो. माझी बायको! तिने बांधलेलं इंजिन!

आपणही मागोमाग जावं म्हणून मी रिक्षाला हात केला. रिक्षावाल्याने माझे हात, शर्ट आणि तोंडावरचं ग्रीस नीट न्याहाळलं.

"मेकॅनिकला बसवत नाही. सीट खराब होते."

आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला मेकॅनिक म्हणालं होतं. मी त्याला थँक्यू म्हणालो आणि चालत घरी आलो.