होकारातला ‘ना’

माणसाच्या बोलण्याचा अर्थ लावण्याचं काम माणसांवर सोपवणं कोणत्याही प्रगत समाजाला फार काळ परवडत नाही. हे मी अनुभवाने सांगते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं मी कानाला हेडफोन लावून बसले. त्या काळात आम्ही मुलींनी या बाबतीत जो गोंधळ घातला, तो आठवला की आजही मान खाली जाते.

लाकडाच्या वखारीचे मालक रोज सकाळी फोन उचलून नुसतं “द्या” म्हणायचे. कुठला नंबर, कुणाचा, काही नाही. आम्ही द्यायचो. एक बाई दर गुरुवारी माहेरचा नंबर मागायच्या आणि म्हणायच्या, “काही विशेष नाही गं, सहजच.” तो ‘सहजच’ कुठल्या सुरात आला, त्यावरून आमच्या वरिष्ठ बाई ठरवायच्या, की तीन मिनिटांनी लाइन तोडायची की घड्याळ बंद पडलंय असं समजायचं. (ते घड्याळ वर्षातून साधारण चाळीस वेळा बंद पडे. दुरुस्तीची नोंद कुठेही सापडणार नाही.)

आता हा अंदाजपंचे कारभार थांबला आहे. टेलिफोन कंपनीने ‘श्रोता’ आणला आहे. श्रोता हे यंत्र आहे. ते चोवीस तास ऐकतं, थकत नाही, चहाला उठत नाही आणि मुख्य म्हणजे कुणाचा सूर वगैरे मनावर घेत नाही. उत्तरात ‘ना’, ‘नाही’ किंवा ‘नको’ सापडलं की नकार. ते नसेल आणि ‘हो’ सापडलं, तर होकार. इतकी स्वच्छ पद्धत आमच्या वेळी असती, तर आमच्यातल्या निम्म्या जणींची नोकरी पहिल्याच महिन्यात गेली असती. (पुढे सगळ्यांचीच गेली, पण रीतसर.)

श्रोत्याशी माझी गाठ पडली ती एका पत्रामुळे. कंपनी जुन्या तारा काढून टाकणार होती. ज्यांना घरचा जुना फोन ठेवायचा असेल, त्यांनी महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी चार वाजेपर्यंत श्रोत्याला तसं सांगावं, नाहीतर नंबर कायमचा रद्द. संधी तीन. दोन संधींमध्ये आठ दिवसांचं अंतर, ग्राहकाला शांतपणे विचार करता यावा म्हणून.

मला विचार करण्यासारखं काही नव्हतं. माझी ताई सत्याऐंशी वर्षांची आहे. दुसऱ्या गावी मुलाकडे असते. त्या मुलाचं नाव तिला कधी आठवतं, कधी आठवत नाही. पण माझा नंबर तिच्या बोटांत बसलेला आहे. रोज चार वाजता ती तो फिरवते आणि विचारते, “पोचलीस का गं?” बारा वर्षांपूर्वी मी तिच्याकडून निघाले, तेव्हा ती दारात म्हणाली होती, “पोचलीस की कळव.” मी त्याच दिवशी कळवलं होतं. त्यानंतर रोज कळवते आहे.

भाच्याने आधुनिक मार्ग काढून पाहिला. ताईच्या हातात मोबाइल दिला, पडद्यावर माझा फोटो लावला आणि सांगितलं, “आई, ह्या फोटोवर बोट ठेव, की मावशी बोलेल.” ताईने फोटो निरखला. “ही कोण म्हातारी? हिच्याशी काय बोलू मी?” (यात यंत्राचा दोष नव्हता. फोटो हुबेहूब आला होता.)

तेव्हा मी श्रोत्याला फोन लावला.

“आपल्याला जुना फोन ठेवायचा आहे का?” आवाज गोड होता.

“हो ना!” मी म्हणाले.

“आपण ‘ना’ म्हणालात. आपला नकार नोंदवला आहे. धन्यवाद.”

आठ दिवस शांतपणे विचार केला. दुसऱ्या खेपेला मी पुरती सावध होते. ‘हो ना’ म्हणायचं नाही, असं मनाशी घोकून बसले होते. त्याने विचारलं आणि मी ठणकावून सांगितलं, “नाही तर काय!”

चूक माझीच होती, हे मान्य करायला हवं. हो म्हणतानाही नकाराला हाताशी धरायची खोड आपल्या भाषेला आहे. ती कितपत पसरली आहे हे पाहावं म्हणून मी आमच्या इमारतीत पाहणी केली. चोवीस घरं, प्रश्न एकच: “चहा घेणार का?” नुसतं ‘हो’ म्हणणारे दोन निघाले (त्यातले एक नुकतेच दाढ काढून आले होते). ‘हो ना’ म्हणणारे नऊ, ‘का नाही?’ चार, ‘नको कोण म्हणतंय?’ पाच, आणि ‘नको नको’ म्हणत कप पुढे करणारे चार. चहा चोवीसही जणांनी घेतला. श्रोत्याच्या पद्धतीने गेले असते, तर बावीस कप वाचले असते.

उलट प्रकारही आहे. तळमजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापकांना श्रोत्याने विचारलं, दर तासाला राशिभविष्य ऐकवू का? ते म्हणाले, “हो, आता तेवढंच राहिलंय!” तेव्हापासून त्यांना दर तासाला राशिभविष्य येतं. सेवा बंद करायची का, असंही श्रोता अधूनमधून आदबीने विचारतो. त्यावर ते ओरडतात, “नाही तर काय, डोक्यावर घेऊन नाचू?” सेवा चालू आहे.

कंपनीच्या पत्रकाप्रमाणे सत्त्याण्णव पूर्णांक चार दशांश टक्के ग्राहक समाधानी आहेत. माझा या आकड्यावर पूर्ण विश्वास आहे. “आपण समाधानी आहात का?” या प्रश्नावर आमच्या जिन्यातच मी तीन जणांना “हो, फारच! धन्य झालो!” असं म्हणताना ऐकलं आहे. उरलेले असमाधानी म्हणजे “काही तक्रार नाही हो” म्हणणारी सालस माणसं असावीत.

शेवटी कंपनीच्या कार्यालयात गेले. ते आमच्याच जुन्या एक्स्चेंजमध्ये आहे. माझ्या खुर्चीच्या जागी आता शोभेचं झाड आहे. तेही दिवसभर कुणाचं काही न ऐकता बसून असतं. खिडकीपाशी एक चुणचुणीत मुलगी होती. तिने माझं सगळं ऐकून घेतलं.

“काकू, तुम्हाला फोन ठेवायचाय. मला कळलं.”

“मग लिही की तसं.”

“मला नुसतं कळतं. नोंद श्रोताच करतो.”

“मग तुला इथे कशाला बसवलंय?”

“श्रोत्याला फोन कसा लावायचा ते सांगायला.” मग इकडेतिकडे बघून ती हळूच म्हणाली, “काकू, एक करा. त्याच्याशी मायेनं बोलू नका. माया आली की माणसं ‘ना’ लावतात.”

महिन्याचा शेवटचा दिवस. भाचा मोबाइलवरून एका कानात, श्रोता दुसऱ्या कानात.

“मावशी, एकच अक्षर. हो. पुढेमागे काही नको.”

“मला काय एवढंही कळत नाही?”

“हे असलं बोलू नकोस, एवढंच सांगतोय.”

श्रोत्याने विचारलं. मी सगळी माया गिळून टाकली आणि म्हणाले, “हो.”

“हा आवाज खोकला म्हणून नोंदवला आहे. कृपया पुन्हा बोला.”

“हो!”

“आपला खोकला वाढला आहे. काळजी घ्या. कृपया पुन्हा बोला.”

“मावशी, जरा शांतपणे…”

“तू गप रे!”

घड्याळात चाराला दोन कमी होते. तिकडे ताई खुर्ची ओढून फोनजवळ सरकत असणार, हे मला इथे बसून दिसत होतं. माझा तोल गेला. “जळलं मेलं तुझं ऐकणं! ठेवते मी!”

“आपण ‘ठेवते’ म्हणालात,” श्रोता म्हणाला. “आपला फोन ठेवण्यात आला आहे. धन्यवाद.”

मी रिसीव्हर हातात धरून तशीच बसले. प्रश्नातलं क्रियापद ग्राहकाने उत्तरात पुन्हा उच्चारलं तर तो होकार समजावा, असं त्या पत्राच्या मागे बारीक अक्षरांत छापलं होतं, हे भाच्याने नंतर शोधून काढलं. एकतीस वर्षं माणसं मला “ठेवते”, “ठेवतो” म्हणत आली. त्या शब्दाने फोन बंद होतो, अशी माझी समजूत होती.

मी रिसीव्हर जागेवर ठेवला आणि चार वाजता घंटा वाजली.

“पोचलीस का गं?”

“पोचले, ताई.”

“फार वेळ लागला.”

“हो ना. वाटेत एकजण भेटला. त्याला ऐकू कमी येतं.”

“अगंबाई! असू दे, आपण समजून घ्यावं. बरं, ठेवू?”

“ठेव.”

तुम्हालाही हे वाचताना कुणीतरी आठवलं असेल. ज्याला बरेच दिवस फोन करायचा राहून गेलाय, असं कुणीतरी. “हो ना, एकदा करायलाच हवा,” असं तुम्ही मनाशी म्हणालाही असाल. श्रोत्याच्या नियमाप्रमाणे तुमचं उत्तर ‘नाही’ असं नोंदलं गेलं आहे. एकतीस वर्षं माणसांचे सूर ऐकलेली बाई म्हणून सांगते, या एका बाबतीत यंत्राच्या ऐकण्यात काही चुकलेलं नाही.