दहा टक्क्यांत केळद

ऊर्जा निर्माण करता येत नाही आणि नष्टही करता येत नाही. ती फक्त नसरापूरच्या चौकात खर्च करता येते. या नियमाचा पूर्वार्ध मी शाळेत शिकवला. उत्तरार्ध गेल्या फेब्रुवारीत अमृतच्या गाडीत मागच्या सीटवर बसून शिकलो.

मी सेवानिवृत्त शिक्षक. जनगणना, मतदार याद्या, शौचालयांची मोजणी आणि (वेळ उरल्यास) अध्यापन अशी सेवा झाल्यामुळे समोर काही घडलं की त्याचा अहवाल लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. तर सादर.

अमृत शिवऱ्याचा. वय चौतीस, अविवाहित. हायवेकडेच्या जमिनींचे व्यवहार जुळवतो. त्यातून त्यानं विजेवर धावणारी स्पोर्ट्स कार घेतली. तिच्या रंगाला कंपनीनं चार शब्दांचं नाव दिलंय. गाव त्याला पोपटी म्हणतं. गाडीत चार सीटा आहेत, त्यापैकी मागच्या दोन पाय नसलेल्या प्रवाशांसाठी.

गाडीला चार मोड आहेत. रेंज मोडमध्ये ती जपून चालते, एसी मंदावतो आणि कुणी वळून बघत नाही. नॉर्मल मोड कसा आहे हे सांगता येत नाही, कारण अमृतनं तो अजून लावलेला नाही. स्पोर्टमध्ये पाय टेकायच्या आत गाडी निघते. स्पोर्ट प्लसमध्ये ती दोन बोटं खाली बसते (वाटेतले सगळे गतिरोधक तिला पोटानं ओळखतात), मागचा पंख वर येतो, आणि इंजिनच नसल्यामुळे इंजिनाचा आवाज स्पीकरमधून बाहेर सोडला जातो. ही सोय मला फार आवडली. जे आपल्याकडे नाही त्याचा आवाज मोठा ठेवणं ही आपली जुनी रीत आहे. कंपनीनं तिला फक्त बटण दिलं.

अमृतचे वडील कुंडलिक माझे मित्र. एकतीस वर्षं एसटी चालवली. डिझेल बचतीबद्दल डेपोत तीनदा नारळ आणि शाल. गाडी घरी आली त्या दिवशी ते सहज स्टिअरिंगवर बसायला गेले, तेव्हा अमृत चारचौघांत म्हणाला, "आबा, ही एसटी न्हाई." कुंडलिक उतरले. तेव्हापासून तीन महिने ते गाडीविषयी एक शब्द बोलले नव्हते. गाडी दारात उभी असली की ते तिला वळसा घालून जात.

केळदला मुलगी बघायला जायचं ठरलं. ही अमृतची तिसरी खेप. आधीच्या दोन्हीकडून 'कळवतो' असं कळवण्यात आलं होतं. मुलगी सुलक्षणा, वेल्ह्याच्या वीज उपकेंद्रात ऑपरेटर. दुपारी दोनला तिची ड्यूटी, म्हणून आम्हाला बाराची वेळ दिलेली. अमृतच्या आई रतनबाई त्या मागच्या सीटकडे एकदा बघून सकाळच्या एसटीनं पुढे निघून गेल्या. वराकडचा वडीलधारा म्हणून मी पाय घडी करून बसलो. कुंडलिक पुढे, अमृतशेजारी.

निघताना बॅटरी चोवीस टक्के होती. आदल्या दिवशी वरवे बुद्रुकच्या सगळ्या मित्रांना चक्कर मारून आणल्यावर रात्री वीज गेली, ती पहाटे आली. अमृत म्हणाला, चोवीस म्हणजे लई झालं. कंपनीच्या हिशेबानं खरंच होतं. शंभर किलोमीटरला अठरा युनिट, आणि केळद बासष्ट किलोमीटर. पण कंपनीनं चाचणी घेतली तेव्हा रस्त्याकडेला कुणी ओळखीचं उभं नव्हतं.

नसरापूरच्या चौकात टायरवाले झुल्फिकार दुकानाबाहेर आले आणि, आज गाडी मुकी का, असं त्यांनी विचारलं. अमृतनं स्पोर्ट प्लस लावला. मग चौकातून तीनदा सुटून दाखवावं लागलं, कारण पहिल्या वेळी मोबाईल काढेपर्यंत गाडी गेली होती आणि दुसऱ्या वेळी मध्ये रिक्षा आली. बॅटरी एकोणीस. पुढे करंजावण्याला शाळा सुटलेली, आंबवण्याला लग्नाचा मांडव, मार्गासनीला नुसतीच माणसं. मार्गासनीला बारा टक्के झाले. गाडीनं स्क्रीनवर अदबीनं सुचवलं, की रेंज मोड निवडावा.

अमृतनं निवडला. त्याच्या कपाळाला घाम आला होता, कारण केळदला बारा वाजता पाहुणे वाट बघत होते, मागचा चार्जर हायवेला होता आणि पुढचा थेट कोकणात. तो खरोखर हळू चालवू लागला. दोन किलोमीटर. मग मुंबईकडची एक मोठी डिझेल गाडी हॉर्न देऊन पुढे गेली आणि तिच्या मागच्या काचेतून एक लहान मुलगी अमृतकडे बघून हसली. मी वहीत लिहिलं: मोड रेंज, पाय स्पोर्ट प्लस. विंझर गाठलं तेव्हा दहा टक्के उरले होते. अजून तीस किलोमीटर जायचं होतं, त्यात खिंडीचा चढ. आणि गाडीच्या अंदाजानं ती तेवीस चालणार होती.

अमृतनं गाडी बाजूला घेतली. बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसला. आता कुणाचा तरी टेम्पो बघतो, गाडी हितंच सोडू, असं म्हणाला. हेही म्हणाला, की तिसऱ्या ठिकाणीबी हसं झालं तर तो पुन्हा कुठं बघायला जाणार न्हाई. हे तो स्पीकर न लावता बोलला, म्हणून मला नीट ऐकू आलं.

कुंडलिक दार उघडून उतरले. गाडीला वळसा घालून त्याच्या बाजूला आले आणि म्हणाले, "उतर."

"आबा, ही..." अमृत म्हणाला, आणि तिथंच थांबला. उतरला.

कुंडलिकांनी सीट पुढे घेतली, आरसे लावले, टोपी सरळ केली. क्लच कुठाय, एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर डावा पाय आखडून घेतला. एसी बंद, काचा खाली. गाडी निघाली ती मला कळली नाही. झाड मागे सरकलं तेव्हा कळलं. वेल्ह्याला आठ टक्के. पुढच्या चढाला त्यांनी एकदाही जोर केला नाही की थांबले नाहीत. मागून तीन मोटरसायकली आणि एक दुधाचा टेम्पो पुढे गेला, त्यांना हातानं वाट दिली. अमृत डोळे मिटून बसला होता. खिंडीच्या डोक्यावर दोन टक्के राहिले, आणि उतार लागला. उतारावर पाय काढला की ही गाडी वीज परत भरते, हे कुंडलिकांना कुणी सांगितलं नव्हतं. दोनाचे तीन झाले.

"वाढलं?" त्यांनी विचारलं.

"व्हय," अमृत डोळे उघडून म्हणाला. "उताराला भरती ती."

केळद येईपर्यंत कुंडलिक त्या तीनाकडे, परीक्षेत पास झालेल्या नातवाकडे बघावं तसे बघत होते.

आम्ही वीस मिनिटं उशिरा पोचलो. आवाज नसल्यामुळे बाहेर कुणी आलं नाही. आम्ही चालत आलो असा त्या घराचा समज झाला आणि आधी पाय धुवायला पाणी मिळालं. रतनबाईंचे पोहे केव्हाच खाऊन झाले होते.

सुलक्षणानं चहा दिला आणि समोर बसली. नाव, शिक्षण, नोकरी हे झाल्यावर, तुला काही विचारायचंय का, असं तिच्या वडिलांनी तिला विचारलं. ही पद्धत नवी आहे आणि घातक आहे.

तिनं विचारलं, गाडी किती युनिट खाती. अमृतनं अठरा सांगितलं.

"ते कंपनीचं झालं," ती म्हणाली. "तुमचं सांगा."

अमृतनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या वहीकडे पाहिलं. आपल्या वडिलांकडे बघायला त्याला थोडा वेळ लागला. "माझं पस्तीस," तो म्हणाला. "आबांचं एकोणीस. खिंड धरून. आज त्यांनी आणली म्हणून आलो, न्हाईतर विंझरलाच बसलो असतो."

रतनबाईंनी कपाळाला हात लावला. कुंडलिकांनी टोपी काढली, आतून बघितली, परत घातली. खिंडीत एकोणीस कसं काय बसवलं, असं सुलक्षणानं त्यांनाच विचारलं. ती रोज त्याच खिंडीतून स्कूटीनं जाते.

"त्यात काय न्हाई," ते म्हणाले. "यष्टीत पन्नास माणसं उभी असत्यात. उभ्या माणसाचा तोल जाऊ द्यायचा न्हाई, येवढंच बघायचं."

नंतर विहिरीच्या मोटारीच्या बोर्डावर गाडी अर्धा तास लावली. सातवर आली. सुलक्षणाला ड्यूटीला जायचं होतं. वेल्ह्यापर्यंत सोडता का, असं तिनंच विचारलं. तिचे वडील आधी माझ्याकडे, मग छताकडे बघत राहिले. मागच्या सीटवर सेवानिवृत्त शिक्षक असणार म्हणून हो म्हणाले. कुंडलिक जेवायला थांबले. किल्ली त्यांनी स्वतःहून अमृतच्या हातात दिली. बसताना ती अमृतला म्हणाली, "चालवा तुमीच. पण मी उभी हाय असं समजून."

शंभर किलोमीटरला सोळा. होकार आठ दिवसांनी आला.

अहवाल बंद करण्यापूर्वी एक रकाना उरतो. ही हकिकत वाचताना, साधारण खिंडीच्या अलीकडे, गाडी बंद पडावी असं आपल्याला वाटलं होतं. पोपटी गाडी बैल जुंपून ओढत आणली जाते आहे आणि आपण कडेला उभे आहोत, इथवर आपण मनानं पोचलाही होता. ती सुखरूप पोचली तेव्हा बरं वाटलं, पण किंचित कमी बरं वाटलं. अमृतला मी दोष देत नाही; कुणीतरी बघतंय म्हणून माणूस पाय दाबतो. बघणारे कोण, याची नोंद मात्र अपुरी आहे. तरी आपण आपलं नाव, गाव आणि सही पाठवावी.